नानांच्या पोटरीतली कैरी

चैत्रातलं टिपूर चांदणं, घराच्या धाब्यावर ओळीनं अंथरलेल्या गोधड्या, आणि निजलेल्या त्या सगळ्या माणसांच्या मधोमध आभाळाकडे उभा राहिलेला एकच एक पाय… माझ्या बालपणाचं चित्र काढ म्हणून कुणी सांगितलं, तर मी हेच काढीन. त्या पायाची पोटरी चांदण्यात तेल लावल्यासारखी चकाकायची आणि तिच्या कातडीखाली एक कोवळी कैरी सरकत असायची — वर चढायची, थबकायची, पुन्हा खाली उतरायची, जणू आत बसून कुणी तिच्याशी खेळतंय. पायाचा मालक दातांत उपरण्याचं टोक धरून गप्प असायचा. मग खाली गोठ्यातल्या बैलालाही ऐकू जाणार नाही इतक्या बारीक आवाजात हाक यायची, "ऊठ रे भो… गोया ऊना."

गोया म्हणजे पोटरीत येणारा गोळा. शहाणी माणसं त्याला पेटका म्हणतात, कुणी वांब म्हणतं. ज्याच्या पायात तो ऐन झोपेत येतो त्याला नावाशी काही कर्तव्य नसतं. पाय होता नानांचा. नाना म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ, बोरी नदीकाठच्या आमच्या गावाचे भगत. आणि हाक असायची मला, कारण मी पायाळू. म्हणजे असं, की बाकीची मुलं शहाण्यासारखी डोकं पुढे करून जगात येतात, मी पाय आधी बाहेर घातले. डोकं मागून आलं. आणि बायकोच्या मते ते अजूनही मागूनच येतं.

उन्हाळाभर आमचं सगळं घर धाब्यावर निजायचं. दिवसभर तापलेल्या त्या मातीच्या छतावर संध्याकाळी घागरभर पाणी शिंपडलं की जी वाफ उठायची तिला भाजलेल्या भाकरीसारखा वास असायचा. त्यात कोपऱ्यात चादरीखाली झाकलेल्या ज्वारीच्या बिबड्यांचा, म्हणजे आमच्याकडच्या पापडांचा, आंबूस वास मिसळायचा, मागच्या कडुनिंबाच्या मोहोराचा कडवट गोडवा यायचा, आणि खाली चुलीत विझत आलेल्या कापसाच्या पऱ्हाटीचा धूर उगाच एक चक्कर मारून जायचा. दूरवर धुळ्याच्या रस्त्यानं एखादी मोटार कण्हत जायची… तिचा आवाज नेमका कुठे संपला आणि आपली झोप कुठे सुरू झाली हे कधीच कळत नसे. अशा झोपेतून उठायचं म्हणजे विहिरीच्या तळातून वर येण्यासारखं. पण मी उठायचो, कारण गावात माझ्या पायाला मान होता, आणि डोक्याला नव्हता.

पायाळू माणसानं पाय लावला की उसण उतरते, लचक सुटते, असं आमच्याकडे मानत. सकाळी मी दात घासायच्या आधीच अंगणात कुणी ना कुणी कंबर धरून वाकडं उभं असायचं. मी गंभीर चेहऱ्यानं जायचो, एक लाथ घालायचो आणि गुळाचा खडा खिशात टाकून परतायचो. आमचे हेडमास्तर एकदा असेच आले होते. आदल्या दिवशी त्यांच्या छडीनं माझे दोन्ही तळहात सुजवलेले, दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतः पाठ करून उभं राहावं आणि म्हणावं, "घाल रे, संकोच करू नकोस." मी संकोच केला नाही. मास्तर चार पावलं पुढे जाऊन तुळशीवृंदावनाला धरून थांबले. बरं वाटलं म्हणाले. मलाही वाटलं.

नानांची रीत वेगळी होती. पोटरीवर लाथ त्यांना चालत नसे — ती बिचारी आधीच भडकलेली. ते पाय सरळ पसरायचे, मी त्यांच्या समोर बसून माझा तळवा त्यांच्या चवड्याला लावायचो आणि सगळं बळ एकवटून त्यांची बोटं त्यांच्याच गुडघ्याकडे रेटायचो. भेगाळलेला, खडबडीत, ऊन मुरलेला तो तळवा… माझा पाय त्याच्या अर्ध्यातच संपायचा. मी रेटत राहायचो, नाना श्वास रोखून आभाळाकडे बघत राहायचे, आणि हळूहळू ती कैरी विरघळायची. मग माठातलं तांब्याभर पाणी दोघांत प्यायचं. पाणी पिऊन झालं की नाना माझ्या डोक्यावर हात ठेवायचे आणि दरवेळी तेच सांगायचे, "कोनले सांगू नको हां."

का सांगायचं नाही, हेही एकदा त्यांनीच मला समजावलं होतं. आमच्या गावात चैत्रात मरीमायची यात्रा भरते आणि त्या दिवशी बारागाड्या ओढतात. बैलगाड्या एकीला एक जोडून लांबलचक माळ करायची, प्रत्येक गाडीत माणसं मधमाश्यांसारखी लगडलेली, आणि सगळ्यांत पुढे बैलांऐवजी एकटा भगत. देवीला हात जोडून तो जुवाला खांदा देतो, दोन्ही बाजूंना सोबती धावतात, गर्दी एकच आरोळी ठोकते आणि ती माळ हलते. खरी गोम पुढे असते. पटांगणाला उतार आहे; गाड्या एकदा सुटल्या की भगत त्यांना ओढतो की त्या भगताला ढकलतात, सांगता येत नाही. पुढचा माणूस अडखळला तर मागची चाकं त्याची वाट बघत थांबत नाहीत. "पळताना गोया ऊना तर…" नाना म्हणाले होते आणि वाक्य तिथेच सोडून दिलं होतं. आणि ते वाचले असते तरी गावानं दुसरंच म्हटलं असतं, की भगतावरचा देवीचा हात निघाला. नानांना चाकाची भीती जास्त होती की त्या वाक्याची, मला अजून ठरवता आलेलं नाही.

त्यातून यात्रा जवळ आली की भगताचा उपास सुरू व्हायचा. दिवसभर अनवाणी गावदेवांना फिरायचं, खायला फराळाचं काहीबाही, आणि पाणीसुद्धा नाना घोट-घोट मोजकं प्यायचे. कडक उपासात तेच शोभतं अशी त्यांची समजूत. शिवाय अंधार पडल्यावर खळ्यात जुवाला खांदा देऊन सराव. साहजिकच गोळा त्या दिवसांत रोज यायला लागला. एखाद्या रात्री दोन्ही पोटऱ्यांत. मी अर्धवट झोपेत एकदा उजव्या, एकदा डाव्या पायाला तळवा लावायचो, आणि दिवसा शाळेत फळ्याकडे बघत डुलक्या काढायचो. हेडमास्तर छडी उगारायचे, आणि मग, बहुधा स्वतःची कंबर आठवून, खाली ठेवायचे.

यात्रेच्या आदल्या दिवशी घर पाहुण्यांनी भरलं. सगळ्यांत मानाचे पाहुणे म्हणजे धुळ्याचे आबा, नानांच्या मुलीचे सासरे, नानांचे व्याही. धुळ्यात त्यांचं कापडाचं दुकान. गोरेपान, स्थूल, पांढऱ्याशुभ्र धोतरातले आबा आले की मोठमाय — म्हणजे नानांची बायको — डोक्यावरचा पदर दर दोन वाक्यांनी सारखा करायची. मुलीकडची बाजू, व्याह्याच्या पायाला धूळ लागली तरी आपलंच चुकलं असं मानणारा तो काळ. चहा दिला तर बशी पुसली की नाही, विडा दिला तर कात जास्त पडला का… मोठमायचा जीव त्या दिवशी मुठीत नव्हता, पदराच्या टोकात होता.

रात्री अर्थातच आबांना धाब्यावरची एकमेव खाट मिळाली. ती खाट नानांची. नाना मुकाट्यानं कडेला खाली गोधडीवर निजले. हा बदल माझ्यादेखत झाला; मीच तर आबांची उशी वर नेऊन ठेवली होती. पण मघाशी सांगितलं ना, माझं डोकं मागून येतं.

केव्हातरी मला कण्हणं ऐकू आलं. दबलेलं, दात आवळून सोडलेलं, ओळखीचं. चांदणं उतरलं होतं, चंद्र कडुनिंबाच्या मागे गेलेला. मी डोळे न उघडताच उठलो, पायांना पाठ असलेल्या वाटेनं खाटेपाशी गेलो, आणि तिथे एक पाय खरोखर उभा होता. वाटलं, आज जोर जास्त आहे, उद्या यात्रा, नेहमीचं रेटणं पुरणार नाही. म्हणून मी दोन पावलं मागे सरलो, धावत आलो आणि त्या तळव्यावर अशी सणसणीत लाथ हाणली की पाय खाटेच्या पलीकडे गेला, पायामागून माणूस गेला आणि माणसामागून उशी. आणि वर, काम फत्ते झाल्याच्या आनंदात, सगळ्या धाब्याला ऐकू जाईल अशा आवाजात मी विचारलं, "गया का गोया, नाना?"

झोपेतून जागं होणारं गाव आधी कुत्र्यांतून बोलतं, तसं खाली एक कुत्रं भुंकलं. मग कुणीतरी कंदील वर केला. खाटेपलीकडे बिबड्यांच्या चादरीवर धुळ्याचे व्याही बसले होते. त्यांच्याखाली मोठमायचा वर्षभराचा साठा कुरकुरत होता.

"हाई काय करं रे पोऱ्या!" मोठमायचा आवाज फाटला. "व्याहीले लाथ मारी ह्यानी! माय व माय… मनी पोरनं आते कसं व्हई!"

तिच्या डोळ्यांपुढे सासरहून कायमची परत पाठवलेली लेक उभी राहिली असणार. वडील माझा कान शोधत अंधारातून येत होते. आणि नाना? नाना गोधडीवर बसून माझ्याकडे बघत होते. रागानं नव्हे. मी 'नाना' म्हटलेलं सगळ्यांनी ऐकलं होतं. गोळा कुणाला येतो हे आता धाब्याला कळलं होतं, आणि धाब्याला कळलं म्हणजे उजाडायच्या आत गावाला कळणार होतं. लाथ व्याह्यांना बसली खरी. कोसळले ते नाना.

आबा मात्र भलत्याच कामात होते. ते आपली पोटरी चाचपत होते. उजवीकडून दाबली, डावीकडून दाबली, पाय वाकवला, सरळ केला. मग सावकाश म्हणाले, "मानपान भलता दख्या मी ह्या घरमा. पन लाथ पहिलाच दाव भेटनी." थोडं थांबून पुन्हा चाचपली. "आन गोया तर गया!"

म्हणजे गोळा खरोखरच आबांना आला होता. दिवसभर दुकानात उभं राहून कापड मोजायचं, घरी येऊन पाय पोटाशी घेऊन निजायचं. वर्षानुवर्षं तेही दातांत पांघरूण धरून रात्री काढत होते, आणि व्याह्यांच्या घरी आवाज होऊ नये म्हणून आजही तेच करत होते. कान माझ्या वडिलांच्या हातात असल्यामुळे त्या क्षणाचा सगळा आनंद मला घेता आला नाही. पण नाना हसले. आधी नाकातून, मग खांद्यातून, मग अख्खे. "आबा, तुमले बी?" "मंग काय तुमनाच मक्ता शे का?" आणि मानपानाच्या त्या दोन बाजू कंदिलाच्या उजेडात शेजारी शेजारी बसून एकमेकांच्या पोटऱ्या बघू लागल्या, जसे लोक एकमेकांचे बैल बघतात.

मग आबांनी त्यांना धुळ्याच्या डॉक्टरनं सांगितलेलं सगळं सांगितलं. गोळा आला की गुडघा सरळ करायचा आणि पायाची बोटं आपल्याकडे ओढायची, हात पोचत नसेल तर पंचा अडकवून ओढायची. जमलं तर सरळ उभं राहून त्या पायावर भार टाकायचा, मग शेकायचं, चोळायचं. रोज निजायच्या आधी भिंतीला हात टेकून, टाच जमिनीला चिकटवून पोटरी ताणायची. पांघरूण पायाशी घट्ट खोचायचं नाही. आणि पाणी. "उन्हायामा दिनभर पळतस, आन पानी पेतस चिमनीसारखं!" आबा नानांवर डाफरले. उपास आहे, नाना म्हणाले. "उपासले पानी चालस. लिंबू चालस. शेंदेलोण चालस. देवीनी कधी सांगं, तान्हेला मर म्हनीसन?"

मी कान चोळत ऐकत होतो, आणि माझ्या आयुष्यातली पहिली मोठी पडझड होत होती. "म्हणजे पायाळूच लागतो असं नाही?" मी विचारलं. आबांनी माझ्याकडे मायेनं पाहिलं. "भिंत बी चालस, भाऊ." भिंत! गावातल्या समस्त कमरांचा तारणहार मी, आणि माझ्या जागी धाब्याचा कठडाही चालला असता. त्या रात्रीनंतर मी कुणाला लाथ मारली नाही असं नाही, गूळ कुणाला नको असतो. पण तो पूर्वीचा भाव पायात उरला नाही. आज पन्नाशी ओलांडल्यावर मलाही अधूनमधून गोळा येतो आणि मी जळगावच्या फ्लॅटमध्ये मुकाट्यानं भिंतीपुढे जाऊन उभा राहतो. पायाळूला स्वतःच्या पायाला लाथ मारता येत नाही, हे कळायला मला इतकी वर्षं लागली.

पण त्या रात्रीचा खरा प्रश्न तसाच होता. उद्या नाना गाडी ओढणार की नाही? सकाळपासून ओट्यावर लोक यायला लागले. कुणी हळूच विचारायचं, "नाना, पाय कसा शे?" कुणी न विचारता नुसतं पायाकडे बघून जायचं. ते जास्त टोचत होतं. नाना लिंबू-शेंदेलोणाचं पाणी पीत बसले होते, एक तांब्या, मग दुसरा. आबा शेजारी. शेवटी नाना म्हणाले, की जुवाला खांदा देण्याआधी पोटऱ्या ताणून घेतल्या तर निभेल असं वाटतं; पण भर पटांगणात, सगळ्या गावापुढे बसून पाय कसे ओढणार? लोक काय म्हणतील?

आबांनी पान तोंडाच्या एका बाजूला सारलं. आयुष्यभर माणसांना कापड विकलेला माणूस तो. "डोया मिटीसन करा, नाना," ते म्हणाले. "डोया मिटा, का करशात ते बठ्ठं देवनंच वाटस."

संध्याकाळी पटांगण हळदीनं पिवळं झालं होतं. हवेत भंडारा, नारळाचं पाणी, गरम शेव, घाम, गाड्यांच्या आखांना घातलेल्या वंगणाचा वास. हलगी कडाडत होती. मी मधल्या एका गाडीत उभा होतो, साठ्याच्या लाकडाला घट्ट धरून. गाडीतली बाकीची पोरं ओरडत होती. मी पुढच्या जुवाकडे बघत होतो. माझं एवढंसं तोंड उघडलं नसतं तर निदान नाना निर्धास्त पळाले असते, असं राहून राहून वाटत होतं.

नाना आले. कपाळावर मळवट, पायात घुंगरू. देवीला हात जोडले, जुवापाशी गेले… आणि खांदा न देता खाली बसले. हलगी थांबली. नानांनी दोन्ही पाय सरळ पुढे पसरले, खांद्यावरचं उपरणं काढलं, ते पायांच्या बोटांत अडकवलं, डोळे मिटले आणि सावकाश आपल्याकडे ओढलं. ओढलेलं धरून ठेवलं. सोडलं. पुन्हा ओढलं. इतक्या माणसांच्या पटांगणात फक्त घुंगरांचा किणकिणाट. मला वाटलं, आता कुणीतरी हसणार. आणि पुढच्या रांगेतल्या एका म्हातारीनं हात जोडून जमिनीला कपाळ टेकवलं. तिच्यामागून दुसरीनं. मग माणसं लाटेसारखी वाकत गेली.

आबा गर्दीत उभे होते. त्यांचा चेहरा कमालीचा भाविक होता.

नाना उठले, खांदा दिला. आरोळी उठली, आख करकरले आणि माझ्या पायाखालची गाडी हलली. उताराला चाकांनी वेग घेतला. मला पुढच्या गाड्यांतल्या डोक्यांवरून नानांचा फेटा फक्त दिसत होता, पिवळा, वर-खाली होणारा. चावडीच्या वळणाला तो एकदम खाली गेला… दिसेनासा झाला… माझ्या तोंडात धूळ आणि मीठ आलं… आणि पुन्हा वर आला. गाड्या वेशीपाशी थांबल्या तेव्हा तो अजून वर-खाली होत होता, कारण नाना धापा टाकत हसत होते.

त्यानंतर कितीतरी वर्षं नानांनी गाड्या ओढल्या आणि दरवर्षी आधी पाय ओढले. आबा यात्रेला आले की दोघं अंगणात भिंतीला हात टेकून शेजारी शेजारी उभे राहायचे, जणू दोघं मिळून घर पडू देत नाहीयेत. आधी आबा गेले. मग एका हिवाळ्यात नानांच्या उजव्या अंगावरून वारं गेलं. मी जळगावहून भेटायला गेलो तेव्हा त्यांचा तो पाय गोधडीवर ठेवून दिल्यासारखा पडला होता, पोटरी मऊ, रिकामी. मी ती चोळत बसलो. नाना माझ्या हाताकडे बघत होते. हात फिरतोय हे त्यांना फक्त दिसत होतं. "आते गोया बी येत नही रे भो," ते म्हणाले. ज्याच्या भीतीनं त्यांनी उभ्या आयुष्यातल्या झोपा घालवल्या होत्या, त्याची त्यांना आठवण येत होती. पुढच्या चैत्रापर्यंत ते राहिले नाहीत.

यंदा यात्रेला गेलो होतो. धाब्याची घरं आता जवळजवळ नाहीत, स्लॅब पडले, कुणी वर निजत नाही. हलगीच्या जोडीला डीजे आहे. पण भगत जुवापाशी आला तेव्हा डीजे बंद झाला. विशीतला पोरगा, आमच्या भाऊबंदांतला. त्यानं नानांना पाहिलंही नसेल. तो खाली बसला, पाय सरळ पसरले, खांद्यावरचं उपरणं बोटांत अडकवलं आणि डोळे मिटून ओढू लागला. माझ्या शेजारच्या बाईंनी, बहुधा मला परगावचा समजून, हळू आवाजात सांगितलं, "मरीमायनं मागनं शे ते. आमना गावमा पहिलेपासून शे."

माझ्या जिभेवर सगळं आलं होतं. खाट, लाथ, कुरकुरणाऱ्या बिबड्या, धुळ्याचे आबा… मी गप्प राहिलो; आयुष्यात एकदा तरी डोकं वेळेवर पोचलं. पोराच्या पोटऱ्या तणावल्या होत्या, ओठ हलत होते, आणि सगळं पटांगण त्याच्या पायांच्या दहा बोटांपुढे वाकलं होतं. खरं ठाऊक असलेला त्या गर्दीत मी एकटाच. मीही हात जोडले.